वरच्या जाळीवरच्या काड्या

झिबो शहरातल्या त्या खाऊगल्लीत दर टेबलावर एक शेगडी आणि शेगडीला दोन जाळ्या. काड्यांना टोचून अर्धंकच्चं आलेलं मांस खालच्या जाळीवर आपलं आपण भाजायचं, आणि उशिरा येणाऱ्याच्या काड्या वरच्या जाळीवर ऊन ठेवायच्या. लुआन वीस वर्षं आपल्या मित्रासाठी, पांगसाठी, वरची जाळी राखत आला होता, कारण पांगची भट्टीवरची पाळी रात्री अकराला सुटायची.

आजही त्याने चार काड्या वर ठेवल्या, चांगल्या चरबीच्या.

"लुआनकाका, कोळसा झालाय त्यांचा," मालकीण म्हणाली. "काढा की आता! कोणी यायचंय का?"

"तू तुझं काम बघ ना, बाई."

तिने जीभ चावली. पांगला जाऊन नऊच दिवस झाले होते. कांद्याची पात आणि पोळ्या ठेवून ती गुपचूप निघून गेली.

शेवटच्या वेळी पांगला तासभर उशीर झाला होता. लुआनचं डोकं फिरलं आणि रागाच्या भरात त्याने वरच्या काड्याही खाऊन टाकल्या. पांग आला तेव्हा मालकीण दुकान आवरत होती. रिकामी जाळी बघून तो हसला. "शेवटी माझ्याही काड्या खाल्ल्यास, जिंकलास लेका!" म्हणत त्याने पोळीत नुसती पात गुंडाळून खाल्ली आणि तसाच अर्धपोटी घरी गेला. सकाळी तो उठलाच नाही.

विस्तव विझला. लुआनने वरच्या काड्यांना हात लावला नाही. त्याने एक पोळी घेतली, तिच्यात नुसती पात गुंडाळली. ती तो सावकाश चावत राहिला.