सोवळ्यातली सही

“तो कागद बाकावर ठेव, तुळसी. मी सोवळ्यांत आहें. आज कागदाला शिवायचं नाही,” सुंदरराव म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सहीला अमावास्या आडवी आली होती, परवा राहुकाळ आणि आज बापाचं श्राद्ध. तुळसीनं अर्ज बाकावर ठेवला आणि विहिरीवर जाऊन न्हाली. ओल्या लुगड्यानं स्वयंपाकघरात शिरली.

कुंभकोणममधल्या मराठी मंडळींच्या विद्यानिधीचे सुंदरराव अध्यक्ष. दर वर्षी गावातल्या विठ्ठलासमोर ‘गरिबांनी शिकावं’ यावर तासभर बोलत आणि हारात मान बुडवून घरी येत. तुळसी त्यांच्याकडे पाच वर्षं रांधत होती, त्यांना मामा म्हणे. नवरा गेल्यापासून तिला सरकारची विधवा पेन्शन होती. यंदा, एक्क्याण्णव साली, गावातल्या एका कॉलेजानं पेन्शनवाल्या बायकांना संध्याकाळच्या वर्गात फी माफ केली होती. अट एकच, कुणा प्रतिष्ठिताची शिफारस. अर्जाची मुदत आज चार वाजेपर्यंत होती. तिच्या ओळखीचा प्रतिष्ठित हा एवढाच. तिचं नशीबच फुटकं, दुसरं काय!

चुलीवरच्या भिंतीवर इतिहासाची चार पानं भाताच्या खळीनं चिकटवलेली होती. सोवळ्यात पुस्तकाला हात लावता येत नाही, म्हणून ती रोज न्हाण्याआधी नवी पानं डकवी आणि आमटी ढवळता ढवळता वाची. ती बारावी अशीच पास झाली होती. सुंदररावांना ते ठाऊक होतं. पाहुण्यांना ते हसत दाखवीत, “आमची स्वैपाकीण बघा, कलेक्टर व्हायचीय!”

अकराच्या सुमारास पोस्टमन नटराज दारात आला.

“सार, रजिस्टर. कैयेळुत्तु पोडुंग,” त्यानं सहीसाठी वही पुढे केली.

नातवाच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र होतं. सुंदरराव श्राद्धाला आलेल्या भटजींसमोरच्या पाटावरून उठले ते जवळजवळ धावतच. पेन घेतलं, लफ्फेदार सही केली, पाकीट फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग पंचपात्रातलं पाणी स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं आणि पुन्हा शुद्ध होऊन पाटावर बसले.

खिडकीतून तुळसीनं सगळं पाहिलं. ती उंबऱ्याशी आली.

“मामा, सही होतीय की! माझीही करून टाका.”

“ते वेगळं. ते आमच्या पोराचं शिक्षण.” त्यांनी भटजींकडे बघून डोळा मिचकावला. “सरकारनं पोटाला घातलं तर खाऊन गप असायचं. पेन्शन खाणारीला बी. ए. कशाला? उद्या देवळापुढच्या भिकाऱ्यांनाही डिगरी देतील. ‘गरिबांनी शिकावं’ म्हणजे काय, अस्क्यांनी, झाडून सगळ्यांनी शिकावं म्हणतों काय मी?”

भटजी हसले. तुळसीला त्या माणसाची किळस आली. पाच वर्षं याच्या ताटात आपण तूप वाढलं, याचीही आली.

ती शांतपणे ओसरीवर गेली आणि बाकावरचा अर्ज तिनं उचलला.

“अय्यो! शिवलीस!” सुंदरराव किंचाळले. “वडे कोण तळणार? खीर?”

“मी ओवळी झालें, मामा. कागदाला शिवलें.”

“शिंतोडे घे नि ये!”

“शिंतोडे तुम्हांला चालतात. स्वैपाकिणीला न्हावं लागतं, तुम्हीच सांगटलंत. सही झाली की न्हातें.”

पितर ताटकळले होते, भटजी घड्याळाकडे पाहत होते. दुसरी सोवळ्यातली स्वयंपाकीण आता मिळणार कुठून? गरिबांच्या शिक्षणाचा तो कैवारी उभ्या उभ्या, दात खात, अर्ज भिंतीला टेकवून सही करता झाला. पुन्हा डोक्यावर पाणी शिंपडलं.

तुळसी न्हाली. वडे तळले, खीर उतरवली, पानं वाढली. एकही पदार्थ बिघडू दिला नाही.

जेवणं आटोपली तेव्हा अडीच वाजले होते.

“उद्यापासून येऊ नको,” सुंदरराव ढेकर देत म्हणाले. “पेन्शन कशी राहते तेही बघतों.”

“बघा,” ती म्हणाली.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन इतिहासाची चारही पानं जपून सोडवली, अर्जासोबत पिशवीत घातली आणि कॉलेजच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी नवी स्वयंपाकीण आली. चुलीवरच्या काळ्याकुट्ट भिंतीवरचे चार स्वच्छ चौकोन जावेत म्हणून तिनं राखेनं घासून पाहिले, तर ते आणखीच पांढरे झाले.