मामाची चक्की

आमचा मामा फार मोठा शास्त्रज्ञ आहे, असं घरात सगळे म्हणतात. मीही म्हणायचे, त्याच्या प्रयोगशाळेत काम करायला लागेपर्यंत.

पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक अतिशय संथपणे खालीवर फिरत असतो. अब्जावधी वर्षं असं ढवळून तो सगळीकडे एकसारखा झालाय, हे मामाचं आयुष्यभराचं तुणतुणं. माझा प्रबंध नेमका उलट. दोन रंगांचं पीठ एकत्र मळलं की रेघा ताणून बारीक होतात, पण बराच वेळ दिसत राहतात. समुद्राचा जुना तळ खाली बुडून तसाच रेघारेघांनी टिकलाय, असं माझं म्हणणं. पुरावा म्हणून वेगवेगळ्या ज्वालामुखींचे सहा दगड आणले होते.

त्यातले पाच मामानं एकत्रच चक्कीत घातले, पूड मशीनमध्ये तपासली आणि तिच्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा आकडा माझ्या नाकासमोर धरला.

"बघ! एकच आकडा. सगळं एकजीव!"

"मामा, चक्कीत तूच एकजीव केलंस की!"

"अक्कल पाजळू नकोस. मी तीस वर्षं असंच करतोय."

तीस वर्षं! आणि या अकलेच्या कांद्याला त्याबद्दल दोन पुरस्कार मिळालेत. सहावा दगड मी कपाटात लपवला. त्याचे काप करून आतल्या रेघा परीक्षकांना दाखवल्या, तरच माझा प्रबंध वाचणार होता.

नेमकी मी तापानं आजारी पडले. परीक्षेच्या दिवशी कशीबशी आले, तर कपाट रिकामं.

"तुझं काम हलकं केलं," मामा मिरवत म्हणाला. "दळून, तपासून ठेवलाय."

संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि पाहतच राहिले. आधीच्या पाचांपेक्षा हा आकडा कितीतरी वेगळा होता. मिसळायला दुसरा दगडच उरला नव्हता, म्हणून मामानं जन्मात पहिल्यांदा एकच दगड दळला होता.

त्यानंही आकडा आत्ताच नीट पाहिला असावा. तोंड पार उतरलं.

"मशीन बिघडलंय गं. थांब, यात जुनी पूड घालू. म्हणजे आकडा बरोबर येईल."

मला त्याची कीवसुद्धा आली नाही. कागद आणि पुडीची बाटली उचलून मी परीक्षकांच्या खोलीकडे निघाले.

मागून मामा ओरडत होता, "अगं, निदान नीट हलवून तरी ने!"