दानबीकडची वेळ

मी एक जुनं घड्याळ आहे, पण मित्रांनो, मला भिंतीवर शोधू नका. मला किल्ली नाही, लंबक नाही, टिकटिकसुद्धा नाही. चांगवॉन शहरातल्या एका लॅपटॉपच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात मी राहतो. मला हातात घेता येत नाही, त्यामुळे मला जीव लावणारी माणसं थोडीच. खरं तर एकच. त्याचीच गोष्ट सांगतो, कारण त्याच्याहून वेगळं असं माझं आयुष्य आहेच कुठे?

त्याचं नाव प्यो सोकजू. पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो विभागप्रमुख होता. त्या जानेवारीत त्याची बायको मीरान आणि अकरा वर्षांची मुलगी दानबी व्हँकुव्हरला गेल्या, दानबीच्या शाळेसाठी. बापाने मागे राहून कमवायचं, असं ठरलं. अशा बापांना आमच्याकडे रानहंस म्हणतात, आणि आमच्या इमारतीत दर मजल्यावर एखादा तरी असतोच.

घर रिकामं झालं तसं त्याला तिकडची वेळ दाखवणारं घड्याळ हवंसं वाटू लागलं. लेक उठली असेल का, शाळेत पोचली असेल का, हे नुसती मान वळवली की कळावं. जेवणाच्या सुट्टीत तो इंटरनेटवर पडद्यावर लावायची घड्याळं चाळत बसे. सोनेरी, काळी, चंद्र उगवणारी, मांजराची शेपटी हलणारी. शेजारच्या टेबलावरच्या बांगबाई एकदा म्हणाल्या, "प्यो साहेब, किती दिवस बघताय. एवढ्या वेळात तर लग्नाला मुलगी पसंत झाली असती."

"मुलीसाठीच चाललंय हो."

"मग साधं आकड्यांचं लावा की. वेळ तीच कळते."

"आकडे वाचावे लागतात. काट्यांकडे नुसतं बघितलं तरी पुरतं," तो म्हणाला. बांगबाईंनी मग त्याला पुन्हा छेडलं नाही.

शेवटी मी सापडलो. पांढरी तबकडी, दोन काळे काटे, बस्स. त्याला मी असाच कोरा हवा होतो, कारण नटवायचं सगळं त्याच्या मनात तयार होतं. दानबीने लहानपणी रंगवलेली संत्री फ्रिजच्या दारावर चिकटवलेली होती. तो कागद त्याने कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि एकेक संत्रं कापून माझ्या आकड्यांच्या जागी बसवलं. एक संत्रं तिने जांभळं केलं होतं, तेही तसंच ठेवलं. काटे पानांसारखे हिरवे केले. मग माझा आकार लहान कर, मोठा कर, मागून जरासा पारदर्शक कर, असं कितीतरी दिवस चाललं होतं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

वेळ लावायला माझ्याकडे शहरांची लांबलचक यादी होती. तिच्यातून शहर निवडलं असतं तर तिथल्या चालीरीती मी आपोआप पाळल्या असत्या. पण तो पडला इंजिनियर. "यादी कशाला बघायची? ते आपल्यापेक्षा किती मागे, एवढंच ना," असं पुटपुटत त्याने तेवढे तास मोजून मला मागे लावलं. आमच्या देशात घड्याळ बिघडलं तरच कोणी त्याच्या काट्यांना हात लावतं. वेळेचं गणित एकदा केलं की झालं, असंच इथे सगळे धरून चालतात.

मार्च उजाडला. एका गुरुवारी दानबी पडद्यावर आली, मांडीवर क्लॅरिनेट घेऊन.

"बाबा, रविवारी दोन वाजता कार्यक्रम आहे. सुरुवात माझ्यापासूनच आहे. आई टॅबलेट पुढच्या खुर्चीत ठेवणार. तुम्हीच तिथे बसलाय असं समजून मी वाजवणार."

"म्हणजे इकडे सोमवारची सकाळ. येतो की."

"मी तिकडे होते तेव्हाही असंच म्हणायचात. शाळेत एकदा तरी आलात का?"

"काम निघायचं ना, बाळा."

"माहीत आहे. दर वेळी निघायचं. या वेळी नाही आलात तर मी परत बोलावणार नाही. रागावून नाही सांगत, बाबा. खरंच नाही बोलावणार."

मग तिने त्याला माझ्यात बघून वेळ सांगायला लावली. त्याने सांगितली. तिने आपल्याकडची पाहिली. "बरोबर," ती म्हणाली. त्या दिवशी मी बरोबर होतोच.

पण त्या रविवारी पहाटे तिकडच्या सगळ्या गावाने घड्याळं एक तास पुढे सरकवली. संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून दर वसंतात सरकवतात म्हणे. मायलेकींचा तो तिकडचा पहिलाच वसंत. मला कोणी काही सांगितलं नाही.

सोमवारी सोकजू उजाडायच्या आत उठला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "भरपूर वेळ आहे." लेक इतक्या लोकांसमोर बापाला दाखवणार, तर जरा माणसात यावं म्हणून टॉवेल आणि वस्तरा घेऊन तो कोपऱ्यावरच्या सार्वजनिक हमामखान्यात गेला. इस्त्रीचा सदरा आणि टाय खुर्चीच्या पाठीवर तयार होता. लॅपटॉप उघडाच ठेवला होता. फोन त्याच्यासोबत गेला, आणि हमामखान्यात फोन कपड्यांबरोबर कपाटातच राहतो.

तो गेल्यावर थोड्याच वेळात पडद्यावर कॉल आला. दानबीचं नाव माझ्या अगदी शेजारी चमकत होतं. घंटी वाजून वाजून थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. समोर रिकामी खुर्ची आणि तो टाय. मी काय करणार होतो? मला आवाज नाही.

तो परतला तेव्हा चेहरा गरम पाण्याने लालबुंद झाला होता. टाय बांधला, केस विंचरले, माझ्यात बघितलं. दोन वाजायला थोडा अवकाश होता. खूश होऊन त्याने कॉल लावला.

पडद्यावर मीरान दिसली. तिच्यामागे कोणी खुर्च्या आवरत होतं. "अहो, होता कुठे? संपलं सगळं."

"संपलं? अजून दोन नाही वाजले."

"तीन वाजत आले. सकाळी घरमालकीणबाईंनी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. म्हणाल्या, आज सगळेच करतात. मला वाटलं, जगभर करत असतील. तुमच्याकडे नाही केलं?"

सोकजूने माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्यांमध्ये काटे पसरून मजेत उभा होतो.

"दानबीला दे ना," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी थांबली होती हो ती स्टेजवर. मास्तरांनी दोनदा खूण केली तेव्हा वाजवायला लागली, आणि मध्येच विसरली." मीरान मागे वळली. "दानबी, बाबांची चूक नाही गं, घड्याळाचा घोटाळा झाला. खरंच."

पडद्याबाहेरून तिचा आवाज आला, अगदी शांत. "खरंच असणार. मी तिकडे होते तेव्हाही कारणं खरीच असायची."

ती समोर आली नाही. तो टाय न सोडता तसाच कामावर गेला.

तिने शब्द पाळला. त्यानंतर कॉल केला की ती अभ्यासाला बसलेली असे, नाहीतर मैत्रिणीकडे गेलेली. क्लॅरिनेट तिने शाळेला परत केलं, हेसुद्धा मीरानकडून कळलं. मला दुरुस्त करणं एका क्षणाचं काम होतं, पण सोकजूने मला हात लावला नाही. चुकीच्या वेळेकडेच तो रोज बघत बसे. शिक्षा मला होती की स्वतःला, कोण जाणे.

पानगळीत तिकडच्या लोकांनी घड्याळं पुन्हा मागे घेतली, आणि मी काहीही न करता परत बरोबर झालो. अगदी मिनिटाला मिनिट. पण बरोबर आहे की नाही, हे विचारायला पलीकडून आता कोणी येत नव्हतं. तेव्हापासून कितीतरी वसंत गेले. दानबी तिकडेच नोकरीला लागली, मीरानही परतली नाही. वर्षाचे काही महिने मी खरं बोलतो, बाकीचे खोटं. सोकजूला दोन्ही सारखंच.

मित्रांनो, आम्हाला हवं तसं रंगवा, सजवा, आम्हाला आवडतंच ते. पण आम्हाला लावून निर्धास्त होऊ नका. ज्याच्या वेळेसाठी आम्हाला लावता, त्यालाच अधूनमधून विचारत जा, तुझ्याकडे किती वाजले. तो सांगतो आहे तोवर विचारा.