डिबॉचरीचा मुक्काम

डिबॉचरी हा इंग्रजी शब्द संपादक केळसकरांच्या ओसरीवर राहायला आला, त्याला बरेच दिवस झाले. शब्दकोशाच्या कचेरीची रीतच होती तशी. अवघड शब्द संपादकाने घरी न्यायचा, खाऊपिऊ घालायचा. अर्थ लिहून पुरा झाला की शब्द पिशवी उचलून चालता व्हायचा. मेलँकली, म्हणजे खिन्नता, तर अख्खा उन्हाळा राहिली, पण बिचारीने कुणाला त्रास दिला नाही.

हा पाहुणा निराळा. 'बदफैलीपणा, स्वैराचार' असं केळसकरांनी लिहिलं, तरी हा हलेना. दारूला शिवत नव्हता, बायाबापड्यांकडे मान वर करून पाहत नव्हता. बाकावर बसून शेंगा सोलायचा आणि दिसेल त्याला म्हणायचा, "असू दे हो ते काम. बसा जरा."

आणि माणसं बसायची की! समोरचा शिंपी येऊन बसला, तर त्याचं मशीन एकटंच चालत राहिलं आणि त्या मशीनने गल्लीचं तोंड शिवून टाकलं. मग केळसकरांची बायको इंदू चुलीपुढून उठून बाकावर येऊन बसली. तव्यावरची भाकरी फुगत फुगत स्वयंपाकघराच्या भिंतींना टेकली.

"अगं, भाकरी!"

"असू दे हो," इंदू म्हणाली.

तिला इतकं निवांत बसलेलं केळसकरांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं. त्यांना हेवा वाटला. मग दिसलं, तिचा डावा हात कोपरापर्यंत बाकाचं लाकूड झाला होता.

"अहो, तुम्ही मूळचे कुठले?" त्यांनी पाहुण्याला विचारलं.

"फ्रान्सकडचा. कारागिराला त्याच्या कामावरून फूस लावून उठवायचं, एवढाच माझा अर्थ. दारू, बाया हे लोकांनी मागाहून चिकटवलं."

"हे लिहिलं तर जाल? हिला सोडाल?"

"लिहा की. मी कुठं अडवलंय?"

केळसकर मेजापाशी बसले. जीव नुसता शिणून गेला होता. किती वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांची उस्तवार करायची? तरी इंदूसाठी त्यांनी लिहायला घेतलं: 'माणसाला त्याच्या कामावरून फूस लावून...'

"असू दे हो," ओसरीवरून हाक आली. या वेळी हाक इंदूची होती.

केळसकरांच्या उजव्या हाताने पेन खाली ठेवलं. तो मनगटापासून सुटला आणि बोटांवर चालत उंबऱ्याकडे निघाला.

"अरे, एकच शब्द राहिलाय!" केळसकर ओरडले.

हात थांबला नाही. ओसरीवर इंदूने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि त्याच्या तळव्यावर सोललेले दाणे ठेवले.