भुवईवरची खोक

विमलाचं पोस्टकार्ड आलं त्या दिवशी माझ्या नागपूरच्या खोलीत मंडळी पेढे खात बसली होती. मुंबईच्या एका प्रदर्शनात माझ्या आत्मचित्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि पेपरवाल्यांनी ते चांगलं चार कॉलम छापलं होतं. सन शहाऐंशी. मी कार्ड वाचलं आणि हातातला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

माझ्या दहा वर्षांच्या पुतणीने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काका, माझ्या बाबांचा फोटो पेपरात आला. खाली चुकून तुमचं नाव छापलं आहे. मी कापून वहीत ठेवला, शाळेत सगळ्यांना दाखवला. तुम्ही पेपरवाल्यांना सांगा.'

आमचं घर पवनीचं, विणकरांचं. वडील लवकर गेले आणि माग थोरल्या सेवकरामदादाकडे आला. मला नागपूरला चित्रकला शिकायला पाठवलं ते त्यानेच. "तुले रंग समजते, मले सूत समजते," एवढंच म्हणाला आणि माझी ट्रंक उचलून एस.टी.वर चढवली.

नागपुरात मी स्वतःलाच रंगवायला लागलो. आरसा खोलीत आयता टांगलेला होता आणि स्वतःइतका आज्ञाधारक मॉडेल दुसरा मिळत नाही. जाणकार लिहायचे, हा कलावंत स्वतःच्या तळाशी उतरतो आहे. कसला तळ नि कसलं काय! मी स्वतःकडे पाहत बसायचो आणि मला ते आवडायचं. अशी पंचवीस चित्रं झाली. त्यात माय नाही, माग नाही, दादा नाही.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत दादा लाजत लाजत म्हणाला, "नंदू, मलेबी काढ ना एकदा."

"तू तं हलूनच राहतोस," मी म्हणालो.

त्याने माग थांबवला. लग्नातला सदरा घातला, केसांना तेल लावलं आणि मागाच्या चौकटीवर हात ठेवून बसला. दिवसाउजेडी रिकामा बसलेला दादा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी सदरा काढला, बोटांवरचे घट्टे काढले, खिडकीतून येणारा उजेड तर फारच हौसेने काढला. चेहरा शेवटी ठेवला. तेवढ्यात मित्र बोलवायला आले. "तोंड मंग काढतो, दादा," म्हणत मी कागद गुंडाळला आणि निघालो. त्याने सदऱ्याची घडी केली आणि पुन्हा मागावर बसला.

ते 'मंग' कधी आलंच नाही. दोन वर्षांनी त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत दादा गेला. विमला तेव्हा चार महिन्यांची होती. तेरवीला तसबीर पाहिजे, तर घरात त्याचा एक फोटो नाही. लग्नात ठरवलेला फोटोवाला ऐन वेळी आलाच नव्हता. माय म्हणाली, "घरात चित्रवाला असून फोटो कायले पायजे? काढ बावा तुह्या भावाले."

मी तो जुना कागद उलगडला. सदरा होता, हात होते, वर कोरी जागा. डोळे मिटले. दादाची चाल आठवली, खोकला आठवला, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या त्याच्या धोट्याचा खटखटता ठेका आठवला, चेहरा येईना. नाक कसं होतं? ओठ? आठ वर्षं ज्याच्या जिवावर जेवलो, त्याच्या तोंडाकडे मी कधी धड पाहिलंच नव्हतं. वहिनीला विचारायची लाज वाटली. कोणत्या तोंडाने विचारणार?

मग मी आरसा समोर ठेवला. भाऊच आहोत की आम्ही, असं मनाला बजावलं. माझाच चेहरा काढला, त्यावर मिशी चढवली, गाल थोडे खोल केले आणि चित्र काचेत मढवून आणलं. खरं म्हणजे आमच्यात साम्य बेताचंच. दादा मायवर गेला होता आणि मी वडिलांवर. पण मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिने काचेवरून हात फिरवला आणि "माहा सेवक!" म्हणून हंबरडा फोडला. शेजारीपाजारी हुबेहूब म्हणाले. तेरवीच्या पंगतीत कोण खोड काढतो?  धुरपतावहिनीने पदराने काच पुसली आणि हार घातला.

त्यानंतर मी पवनीला जाणं कमी केलं. स्वतःच्या फोटोला घातलेला हार डोळ्यांनी पाहवत नाही. माय गेली तेव्हा उभ्या उभ्या जाऊन आलो, तेवढंच. पुढे मीही मिशी ठेवली.

कार्ड खिशात घालून दुसऱ्या दिवशी पवनी गाठली. विमला शाळेत होती. वहिनी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. भिंतीवर तसबीर, तिला ताज्या झेंडूचा हार. इतक्या वर्षांनी मी त्या तसबिरीकडे नीट पाहिलं, आणि भुवईतली खोक दिसली. लहानपणी मी मागाच्या खड्ड्यात पडलो होतो, तिथली. तेव्हा दादा मला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळाला होता. स्वतःला काढून काढून हाताला अशी सवय लागली होती की दादाच्या चेहऱ्यावरही हाताने ती खोक काढून ठेवली होती.

"वयनी," मी म्हणालो, "हा दादा नाई."

"माहीत हाय."

"कवापासून?"

"तेरवीपासून. हे खोक तुमची हाय. त्यायची भुवई साफ होती."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"त्या फोटोले पाहून मायनं चार दिवसांनी दोन घास खाल्ले. तिच्या तोंडचा घास काढू का? मंग पोरगी मोठी झाली. ते रोज पाया पडून शाळेत जाते. तिले बाप पायजे होता." तिने कांडी फिरवली. "आन तुमी तं येतच नोहोते."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पिशवीतून कागद-पेन्सिल काढून तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "तुमी सांगा, मी काढतो. आज खरा दादा काढतो. नाक कसं होतं?"

तिने कांडी खाली ठेवली आणि डोळे मिटले. शेजारच्या घरात माग चालू होता. तिच्या कपाळाला आठी पडली. डोळे उघडून तिने तसबिरीकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

"दहा वर्सं झाले, भाऊजी," ती म्हणाली. "रोज तुमालेच पुसून राहिली, तुमालेच हार घालून राहिली. आता डोळे मिटले तरी तुमीच दिसता. त्यायचं तोंड मले आठवत नाई."

कागद कोराच राहिला. दारात दप्तर आपटल्याचा आवाज आला. विमला आत आली, आधी तसबिरीच्या पाया पडली, मग माझ्या.

"काका, तुमी तं बाबासारखेच दिसून राहिले," ती हसली. मग एकदम आठवून म्हणाली, "पेपरवाल्यायले सांगितलं?"

वहिनी माझ्याकडे पाहत होती.

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"चूक झाली म्हणले."