चढावरची सायकल आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना कार्बुरेटर आहे. नाव ऐकून दचकू नका, मी मुठीत मावतो. एका सायकलला मोटर बसवलेली आहे, तिच्या कुशीत माझे घर. पेट्रोल आणि हवा मापाने कालवून इंजिनाला भरवायचे, एवढेच माझे काम. सायकल पळाली की लोक म्हणतात, "काय इंजिन आहे!" आणि अडली की म्हणतात, "कार्बुरेटरने घोळ घातला." माणसांच्या हिशेबात मी जमेला कधी धरला जात नाही; खर्चाला मात्र माझे नाव विसरत नाहीत.

माझा जन्म साच्यात झाला. माझ्या पोटात एक वाटी आहे आणि तिच्यात पितळेची पोकळ डबी तरंगते. तिला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की डबी वर उचलली जाते आणि पेट्रोलची वाट बंद करते. ती हलकी आहे, तोवर सगळे आलबेल.

सायकलचे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची बायको मागच्या कॅरिअरवर बसे आणि चढ आला की पाठीवर थाप मारून म्हणे, "अहो, जरा दमानं! पोरं बघतायत." मला वाटते, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस तेच.

मग तिची स्मृती विरत गेली. आता ती टेकडीवरच्या रुग्णालयात होती. दुसऱ्या कोणाच्या हातून ती घास घेत नसे. परिचारिकेने मास्तरांना स्पष्टच सांगितले होते, "आजोबा, तुम्ही आलात तरच त्या तोंड उघडतात. दुपारची वेळ चुकवू नका. दार बंद झालं की माझाही इलाज नाही." पायी चढ मास्तरांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. म्हणजे तिचा घास माझ्यावर अवलंबून होता.

आणि नेमका तेव्हाच मी गळू लागलो.

माझ्या फ्लोटला बारीक छिद्र पडले होते. आत पेट्रोल शिरून तो जड झाला, बुडाला, वाट उघडीच राहिली. टाकीखालचा पेट्रोल बंद करायचा कॉकही झिजलेला, म्हणून उभ्या सायकलीतूनही पेट्रोल ठिबके. सायकल बाहेरच्या खोलीत उभी असे, तिथेच सुनेचे बाळ रांगत असे.

"बाबा, वासानं डोकं उठलंय," सून म्हणाली. "बाळ उद्या त्यातच हात घालेल."

"भंगारात द्या आता," मुलाने निकाल दिला. मुले निकाल लवकर देतात. चढ त्यांना चढायचा नसतो.

मास्तरांनी वाटीचे स्क्रू आवळले. शिवण उसवली की दोरा घट्ट ओढायचा, एवढेच त्यांना ठाऊक. गळती थांबली नाही. मग एके दिवशी ती अचानक मंदावली. घर खूश झाले. मला मात्र वरून पेट्रोलच नीट मिळेना.

दुसऱ्या दिवशी चढाच्या मध्यावर इंजिन धापा टाकत बंद पडले. मास्तर थांबले, थोड्या वेळाने ते चालू झाले, पुन्हा बंद पडले. मास्तर वर पोहोचले तेव्हा दार लागलेले होते. जेवणाचा डबा तसाच भरलेला परत आला. त्या दिवशी ती उपाशी राहिली.

मास्तर मला घेऊन मेकॅनिककडे गेले. त्याने मला उघडले, माझे जेट, म्हणजे पेट्रोल जायचे बारीक छिद्र, फुंकून साफ केले आणि फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल डुचमळले. "हा बघा चोर!" तो म्हणाला. नवा फ्लोट बसला, गळती खरोखर संपली. तरी पुढच्या दुपारी चढावर तीच रड. मी धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, आणि शिव्या मलाच.

टाकीत पेट्रोल आहे का, हे पाहायला मास्तरांनी रस्त्याकडेला झाकण फिरवले. टाकीने "फुस्स" करून श्वास घेतला. झाकण लावले, इंजिन चालू झाले. थोडे वर जाऊन पुन्हा मान टाकली. मास्तरांनी झाकण काढून उन्हाला धरले आणि बोट फिरवले.

मित्रांनो, पेट्रोल खाली यायचे तर वरून तेवढीच हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढे भोक असते. ते कोणी तरी मेणाने बुजवले होते, इतके सफाईने की दिसू नये. शिंप्याच्या घराची रीतच ती: भोक दिसले की बुजवायचे. दोऱ्याला लावायचे ते मेण, आणि हातही मास्तरांनीच शिवण शिकवून तयार केलेला. बाळाला वास लागू नये म्हणून सुनेने केलेले रफू होते ते.

कॉलरमधली सुई काढून मास्तरांनी मेण कोरले. मग आम्ही वर गेलो, एका दमात. खिडकीतून मला दिसले: ती चमच्याकडे पाहत राहिली, मग तोंड उघडले. मास्तरांनी स्वतःचे डोळे बाहीने पुसले आणि तिची हनुवटीही.

संध्याकाळी सुनेने विचारले, "काय निघालं शेवटी?"

"कार्बुरेटरमध्ये कचरा होता," मास्तर म्हणाले.

घ्या! पुन्हा मीच. पण सून हुशार. तिने झाकण पाहिले, मोकळे भोक पाहिले आणि खाली बसली. "बाबा, आई माझ्यामुळे उपाशी राहिल्या."

"तू लेकरासाठी केलंस. उद्या माझ्यासोबत चल. माझे हात तरी किती दिवस पुरणार?"

दुसऱ्या दिवशी बाळ मुलाच्या कडेवर राहिले आणि सून कॅरिअरवर बसली. वर मास्तरांनी चमचा तिच्या हातात दिला आणि तिच्या मनगटाला आपला हात लावून ठेवला. म्हातारीने बराच वेळ ओठ मिटून ठेवले. मग उघडले. मास्तरांनी हळूच आपला हात काढून घेतला.

मित्रांनो, गळती दिसली की जरूर थांबवा. पण भोक बुजवण्याआधी त्यातून कोण श्वास घेते, तेवढे एकदा बघा. आणि आम्हा जुन्यांना भंगारात काढायची घाई झाली, तर आधी तो चढ एकदा पायी चढून या.