दुर्बिणीशेजारचा रिट्रॅक्टर

मित्रांनो, ऑपरेशनच्या दुर्बिणीचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. आज थोडं माझंही ऐका. मी चंदिगडच्या एका रुग्णालयातला जुना रिट्रॅक्टर आहे. ऑपरेशनसाठी पोट उघडलं की चिरेच्या दोन्ही कडा दूर धरून ठेवायच्या, हे माझं काम. अंबाल्याच्या कारखान्यात मला पोलादातून घडवलं. एक दांडा, दोन पाती आणि ती पक्की करणारा स्क्रू. माणसाचे हात भरून येतात, माझे नाही.

मग ती आली. पेन्सिलीएवढी बारीक, पोटातलं सगळं पडद्यावर दाखवणारी. तिला मऊ स्पंजाचा डबा, मला हिरवं फडकं. शिकाऊ डॉक्टर तिच्यासोबत फोटो काढत. बायका दोन-चार चिकटपट्ट्या लावून लवकर घरी जात आणि सांगत, "दुर्बिणीनं झालं हो!" माझं नाव कुणी असं घेतल्याचं आठवत नाही. मी खालच्या खणात जळत पडलो.

करोना आला आणि दिवस फिरले. दुर्बिणीसाठी पोटात वायू भरतात. तो बाहेर येताना विषाणू पसरेल, अशी भीती होती. तिचा डबा बंद झाला! थिएटरात माणसं कमी हवी होती. मी कडा धरल्या की एक मदतनीस बाहेर राहू शके. काय दिमाख होता माझा! पण पुढे वायू गाळून घेणारी सोय आली, आणि तीही परत आली. मला घाईत धुऊन ओलाच खणात टाकलं.

दिवाळीनंतर लताकाकूंचं ऑपरेशन ठरलं. गर्भाशयाचा कर्करोग होता. करोनाची तपासणी ठीक आली होती. आदल्या दिवशी सर्जन सरोज मॅडमनी मला हातात घेतलं. स्क्रू हलेना.

"निशांतजी, ये घूमता क्यों नहीं?"

"मॅडम, बुढ्ढा रूठ गया है," तंत्रज्ञ निशांत हसला.

मॅडम हसल्या नाहीत. "दुर्बिणीनं नाही जमलं तर पोट उघडावं लागेल. आत गेल्यावर दार बंद. काही आणायला कुणी बाहेर पळणार नाही. दुसरा रिट्रॅक्टर कोविड थिएटरात आहे. हा चालला नाही तर उद्याचं ऑपरेशन कॅन्सल."

मला गुदगुल्या झाल्या. मी अडून बसलो की तीही डब्यातच!

तेवढ्यात भूल देणाऱ्या ओजस्विनी डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, आधीच उशीर झालाय. पाळी जाऊन वर्षं झाली होती, आणि गौरी यायच्या आदल्या दिवशी रक्त दिसलं. काकू विटाळ समजून बाजूला बसल्या. सुनेला पूजा करायला लावली. म्हणतात, 'त्यात डॉक्टरला काय सांगायचं?'"

निशांतनं स्क्रूवर तेल सोडलं, फडक्यानं घट्ट धरून पिळला. माझा हट्ट सुटला म्हणा, की गंज सुटला म्हणा, स्क्रू फिरला.

दुसऱ्या दिवशी मी निर्जंतुक होऊन दुर्बिणीशेजारी हजर होतो. टेबलावर काकू ओजस्विनीताईंना म्हणाल्या, "करोनाच्या या सूटमध्ये तुमचं कुणाचं तोंडच दिसत नाही गं बाई. उठवताना मराठीत हाक मार हं."

"मारते, काकू."

दार बंद झालं. पडद्यावर ती चमकत राहिली. मॅडमची नजर मधूनमधून माझ्याकडे वळे, पण हात वळला नाही. अखेर ओजस्विनीताईंचा आवाज आला, "लताकाकू, उठा. झालं."

काकू पुटपुटल्या, "दुर्बिणीनं झालं ना?"

जळजळ झाली, खोटं कशाला बोलू? पण मॅडम निशांतला म्हणाल्या, "इसको तेल लगाके ऊपर वाले खाने में रखो. इसी के भरोसे शुरू किया था."

तेव्हापासून मी वरच्या खणात, तिच्या शेजारी आहे. हेवा अजून वाटतो. तरी मित्रांनो, एवढं करा. घरातल्या बाईला असं अवेळी रक्त दिसलं तर तिला बाजूला बसवू नका, दवाखान्यात न्या. आणि माझ्यासारख्या जुन्या साधनाला तेल देत जा. माझी गरज पडू नये. पडलीच, तर मी अडता कामा नये.